सामागुरी सत्रातलं मुखवट्यांचं घर: माजुलीला जाणार असाल तर

माजुलीला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: सामागुरी सत्रासाठी अख्खा दिवस राखून ठेवा, बाकीचं बेट मागून बघा. आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या या बेटावर वैष्णवांची सत्रं, म्हणजे मठ आहेत, मिसिंग या आदिवासी लोकांची खांबांवर उभी घरं आहेत, कुंभारांची गावं आहेत. सगळंच बघण्यासारखं आहे. पण पहिल्या कामटीपासून शेवटच्या रंगापर्यंत मुखवटा घडताना एकाच आवारात बघायला मिळावा, अशी दुसरी जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी हे कोणत्या नजरेने बघितलं ते सांगायला हवं. माझी नोकरीची बहुतेक वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवण्यात गेली. तिकडे होळी उलटली की बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या सोंगांच्या उत्सवाचे वेध लागतात. संबळ घुमायला लागला की पोरांचं वर्गात लक्ष नसायचं. रात्री मशालींच्या उजेडात आधी गणपती, मग शारदा, आणि मग रात्रभर एकेक सोंग: मारुती, रावण, भीम, वेताळ, नरसिंह, आणि शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई. कुठलं सोंग कुणी घ्यायचं याचा मान घराण्यांकडे असतो आणि तो जिवापाड जपला जातो. मुखवटे हलक्या लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे. पोरांना मी लगद्याचे मुखवटे शिकवायची आणि त्यांचे आजोबा मला सांगायचे, बाई, डोळे एवढे लहान नका ठेवू, नाचणाऱ्याला पुढचं दिसलं पाहिजे. मुखवटा नाचण्यासाठी असतो, भिंतीसाठी नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. माजुलीला जाण्याचं खरं कारण तेच.

माझी नणंद बरोबर होती. सुरुवातीला आम्ही नाशिकच्याच एका यात्रा कंपनीच्या ईशान्य भारत सहलीची चौकशी केली. त्यांच्या कार्यक्रमात माजुलीला सकाळची बोट ते दुपारची बोट एवढाच वेळ, आणि त्यातच जेवणही. एवढ्या लांब जाऊन बेटाला पाय लावून परत यायचं, हे मला काही पटेना. शेवटी आम्ही आमच्या आम्ही निघालो. नाशिकरोडहून रेल्वेने गुवाहाटी, तिथून जोरहाट, जोरहाटहून निमाती घाट आणि घाटावरून फेरीबोट. लांबचा पल्ला आहे, ते कबूल. साठी उलटलेल्यांनी गुवाहाटीला एक रात्र तरी विसावा घ्यावाच.

बोटीवर मोटारी, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, सिमेंटच्या गोण्या, कॉलेजची मुलं, सगळं एकत्र चढतं. जागा मिळाली की लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला. गर्दीत कुणी आपणहून आणून देईलच असं नाही. रामकुंडावर वाढलेल्या माणसाला नदी म्हणजे दोन्ही काठ दिसणारी गोष्ट वाटते. इथे मध्यावर आलं की चारी बाजूंना नुसतं राखाडी पाणी आणि वाळूचे पट्टे. वन्सं कठड्याला धरून उभ्या होत्या, म्हणाल्या, ‘वहिनी, हिला नदी कसं म्हणायचं हो?’ आणि हीच नदी बेट खातेय. गेल्या शे-सव्वाशे वर्षांत माजुलीची निम्म्याहून जास्त जमीन पाण्यात गेली. सत्रंच्या सत्रं जागा सोडून दुसरीकडे वसवावी लागली. तिथे जे काही बघाल ते याच पार्श्वभूमीवर उभं आहे, हे ध्यानात असू द्या.

सत्र म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. श्रीमंत शंकरदेव हे आसामातले मोठे संत, काळ १४४९ ते १५६८. म्हणजे त्यांच्या उत्तरायुष्यात आपल्याकडे पैठणला एकनाथ महाराज होते. नाथांनी जसं भारुडातून लोकांपर्यंत पोचायचं ठरवलं, तसं शंकरदेवांनी नाटकाचा मार्ग धरला. रामकृष्णाच्या कथा गावासमोर खेळून दाखवायच्या, त्याला भाओना म्हणतात. त्यात गाणं, खोल नावाचा मृदंगासारखा वाद्यप्रकार, नाच आणि मुखवटे, सगळं आलं. हा संप्रदाय ज्या मठांमधून चालतो ती सत्रं. मधोमध नामघर, म्हणजे कीर्तनाचं लांबलचक सभागृह. मूर्तीपेक्षा ग्रंथाला मान. वारकरी घरातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. काही सत्रांत ब्रह्मचारी भक्त राहतात, काही संसारी लोकांची आहेत. सामागुरी हे संसारी सत्र, १६६३ मध्ये शंकरदेवांचे नातू चक्रपाणी यांनी स्थापन केलेलं. मुखवट्याची विद्या तिथे घराघरांतून पुढे आली.

आता सामागुरीचं दालन. भपका काही नाही. आत शिरलात की भिंतींवर, कोपऱ्यांत, वरपासून खालपर्यंत चेहरे: पूतना, शूर्पणखा, बकासुर, गरुड, जटायू, हनुमान, नरसिंह, दहा तोंडांचा रावण. दुसरीकडे असतं तसं काचेचं कपाट मध्ये येत नाही. जवळ जाऊन नाकपुडीची जाडी बघता येते. विचारून हातात घेता येतो. मी पहिल्यांदा हातात घेतलेला मुखवटा बकासुराचा होता, माझ्या कवेत मावेना एवढा, आणि वजन? मी दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि तो एका हाताने सहज वर आला. आमच्याकडे लाकडी रावण घेऊन नाचणारा माणूस पहाटे मान चोळत बसलेला मी कितीदा बघितलाय. ते वजन हाताला लागलं तेव्हा पहिला विचार त्याचाच आला.

एवढं हलकं कसं, ते बाहेर अंगणात कळतं. तिथे एक तरुण कारागीर सांगाडा विणत होता. बांबू पाण्यात भिजवून, चिरून त्याच्या बारीक कामट्या काढलेल्या. विणताना चौकोन नाही, षटकोन पडतात. आपल्याकडे बुरूड टोपल्या विणतात त्यातही षटकोनी विणीच्या टोपल्या असतात, पण त्या गोल. इथे त्याच विणीतून कपाळाचा फुगवटा, गालाचा खळगा, नाकाचा उंचवटा काढायचा. एक कामटी जरा ओढली की गाल आत जातो, सैल सोडली की बाहेर येतो. मी शेजारी बसून बघत राहिले. त्याच्या हातात मोजपट्टी नव्हती, समोर चित्र नव्हतं. अधूनमधून सांगाडा डोळ्यांसमोर धरायचा, आरपार बघायचा आणि पुन्हा विणायला लागायचा. हिंदीतून म्हणाला, विणतानाच चेहरा यायला हवा, नंतरच्या मातीने चेहरा येत नाही. शाडूच्या गणपतीत आम्ही उलट करतो, आधी गोळा आणि मग मुखडा, त्यामुळे मला हे फार नवं होतं.

सांगाडा झाला की कुंभाराच्या पातळ कालवलेल्या मातीत सुती कापडाचे तुकडे बुडवून त्यावर चिकटवतात. वाळलं की माती आणि शेण एकत्र मळून त्याने भुवया, ओठ, गालाची हाडं, कपाळावरच्या आठ्या उठवतात. शेणामुळे माती तडकत नाही आणि वजनही वाढत नाही. मातीची भिंत लिंपलेल्या कुणाही बाईला हे सांगावं लागणार नाही. पुन्हा वाळवणं, मग बांबूच्या कोरणीने घासून गुळगुळीत करणं, आणि शेवटी रंग. पूर्वी हिंगुळाचा लाल आणि हरताळाचा पिवळा वापरत. आता बाजारचे रंगही आलेत. केस आणि दाढीमिशा तागाच्या. प्रत्येक टप्प्याचा एकेक अर्धवट मुखवटा तिथे ठेवलेला असतो, त्यामुळे एका भेटीतही सगळी वाट ध्यानात येते. शिकवण्याची ही पद्धत मला इतकी आवडली की मी त्या अर्धवट चेहऱ्यांचीच चित्रं वहीत काढून घेतली.

मुखवट्यांच्या तीन जाती आहेत. मुख मुखा म्हणजे नुसता चेहऱ्यापुरता. लोटोकाई त्याहून मोठा, छातीपर्यंत लोंबणारा. आणि चो मुखा म्हणजे डोकं आणि धड मिळून अख्खं शरीर, त्यात माणूस आत शिरतो. चो मुखा शेजारी उभं राहून बघा, म्हणजे रात्रीच्या उजेडात लहान पोरांचं काय होत असेल ते कळेल.

सामागुरीचं नाव जगभर पोचलं ते हेमचंद्र गोस्वामी यांच्यामुळे. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्वीचे मुखवटे जड होते आणि त्यांचं तोंड हलत नसे. त्यांनी ते हलके केले आणि जबडा वेगळा घडवून जोडला, त्यामुळे घालणारा बोलायला लागला की मुखवटाही बोलतो. दालनातल्या एका मुलाने आम्हाला पूतनेचा मुखवटा घालून दाखवला. आधी तो साधा उभा होता, शर्ट-पँटमधला पोरगा. मुखवटा चढला आणि त्याचा खांदाच बदलला. एक पाय मागे, मान वाकडी, आणि जबडा टाळांसारखा आपटत तो वन्संच्या अंगावर आला. वन्सं किंचाळल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, ‘अजून एकदा कर रे बाळा.’ त्याने लगेच केलं. मुखवटा चढला की माणूस आपला राहत नाही हे मी बोहाड्यात वर्षानुवर्षं बघत आलेय. तेच दीडदोन हजार किलोमीटरांहूनही लांब, वेगळ्या भाषेत, दिवसाउजेडी बघताना माझ्या अंगावर काटा आला.

माजुलीच्या मुखवट्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या पोथ्यांमधल्या चित्रशैलीलाही मिळालं. त्यामुळे खरेदीबद्दल थोडं. बेटावर एका दुकानात आम्हाला साच्यातून काढलेले एकसारखे मुखवटे ‘माजुलीचेच’ म्हणून दाखवले. ओळखायची रीत सोपी आहे: मुखवटा उलटा करा. आतून षटकोनी विणीची जाळी आणि त्याला चिकटलेलं कापड दिसलं पाहिजे. आतली बाजू गुळगुळीत असेल तर ठेवून द्या. शक्यतो सत्रातच घ्या, पैसे करणाऱ्याच्या हातात पडतात. घासाघीस मी केली नाही आणि तुम्हीही करू नये. त्या एका चेहऱ्यामागे किती दिवसांचं ऊन आणि किती हातांचं काम आहे ते समोर बघितल्यावर ती जीभ उचलतच नाही.

दुसरं संग्रहालय आउनीआटी सत्रातलं. हे सत्र १६५३ चं, आसामवर राज्य करणाऱ्या आहोम घराण्यातला राजा जयध्वज सिंह याच्या आश्रयाने उभं राहिलेलं, आणि इथे ब्रह्मचारी भक्त राहतात. सामागुरीहून याचा बाज अगदी निराळा. आहोम राजांनी दिलेली भांडी, हस्तिदंती वस्तू, दागिने, जुनी वस्त्रं आणि पोथ्या. मला खिळवून ठेवलं ते पोथ्यांनी. त्या सांचीपातावर लिहिलेल्या आहेत, म्हणजे अगरूच्या झाडाची साल कमावून, घोटून केलेली पानं. शाई करताना हिरडा, गोमूत्र आणि लोखंड वापरत. हिरडा! आमच्या सुरगाण्या-पेठेकडच्या बायका रानातून गोळा करतात तोच. औषधाला, कातड्याला जातो एवढंच मला ठाऊक होतं. त्या शाईने लिहिलेली अक्षरं एवढ्या दमट हवेतही काळीकुळकुळीत आहेत. घरी आल्यावर मी हिरड्याची शाई करून बघायला घेतली आहे, रंग अजून तपकिरीच येतोय, पण कागदावर छान बसतो.

आउनीआटीला घाईने जाऊ नका. नामघरात थोडं बसा. सायंकाळचं नामप्रसंग, म्हणजे सामूहिक नामकीर्तन चालू असताना आम्ही मागे भिंतीला टेकून बसलो होतो, कुणी उठवलं नाही, कुणी वर्गणीचं पुस्तक पुढे केलं नाही. चपला बाहेर, अंगावर नीट कपडे, आणि आत कुठे जायचं नाही ते आधी विचारून घ्यायचं, एवढं पाळलं की झालं. वस्तूंची माहिती एखाद्या भक्ताला नम्रपणे विचारली तर ते सांगतात. मी एका हातपंख्याबद्दल विचारलं आणि पुढे बराच वेळ आम्ही बोलत होतो.

बेटावरच्या कमलाबारी भागात सत्रीया, म्हणजे सत्रांतूनच आलेलं नृत्य शिकणारी मुलं दिसतात. या नृत्याला संगीत नाटक अकादमीने २००० मध्ये शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला. आम्हाला फक्त तालीम बघायला मिळाली.

सालमोराला मात्र वाट वाकडी करून जा. ते कुंभारांचं गाव, आणि तिथे चाक नाही. बायका मातीचा गोळा हाताने फिरवत, आतून एका हाताचा आधार देत बाहेरून लाकडी थापटीने ठोकत मडकं घडवतात. नदीकाठचे खड्डे खोल खणून चिकणमाती काढायची, नदीतून वाहून आलेली लाकडं भट्टीला लावायची. आमच्या बाजूच्या कुंभारवाड्यात चाक पुरुषाचं, थापटीही त्याचीच. इथे घडवणं सगळं बायांचं, पुरुष माती खणतात आणि भट्टी लावतात. एका आजीबाईंनी मला थापटी दिली. माझं मडकं एका बाजूला बसलं, त्यांनी दोन ठोक्यांत ते उभं केलं.

राहायचं म्हणाल तर बांबूच्या झोपड्यांमध्ये चांगली सोय होते. मिसिंग घरांच्या धर्तीवर बांधलेल्या, जमिनीपासून उंच. घराखाली हातमाग, त्यावर बायका विणत बसलेल्या. आम्ही उतरलो होतो तिथे गरम पाण्याचं कबूल करून बादलीभर कोमट पाणी मिळायचं आणि थंडीत ते जड गेलं, पण जेवण रुचकर होतं. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा. भात, डाळ, पालेभाजी, बटाट्याचं पिटिका म्हणजे भरीत, एवढं हमखास मिळतं.

हे सगळं बघून परत आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. नाशिक जिल्ह्यात संग्रहालयं नाहीत असं नाही. सिन्नरला गारगोटी आहे, खनिजांचा तसा संग्रह दुर्मीळच. अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. बोहाड्याचे मुखवटे मात्र बघायचे तर उत्सवाच्या रात्री त्या त्या गावी जावं लागतं, नाहीतर पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात. एरवी ते घरांच्या माळ्यांवर कापडात गुंडाळलेले असतात, त्यांना वाळवी लागते, रंग उडाला की वर ऑइलपेंट फासला जातो आणि जुना चेहरा त्याखाली जातो. ते करणारे म्हातारे एकेक करून जाताहेत. पेठला, हरसूलला किंवा सुरगाण्याला, कुठेही, एक पत्र्याची मोठी शेड आणि अंगण मिळालं तरी पुरे. तिथे मुखवटा करणारा माणूस बसावा, त्याला मानधन मिळावं, शाळांच्या सहली याव्यात, पोरांनी हात मातीत आणि लगद्यात घालावेत. सामागुरीत याहून जास्त काही नाही. कुणी जागा देत असेल तर शिकवायला मी येईन, विनामोबदला.

जाणाऱ्यांसाठी राहिलेलं सांगून टाकते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. पावसाळ्यात पुरामुळे बोटी बंद पडतात, दाट धुक्यातही थांबतात, त्यामुळे परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशीच जोरहाटला येऊन राहा. कार्तिकी पौर्णिमेला रास महोत्सव असतो, तेव्हा भाओना आणि मुखवटे रंगमंचावर बघायला मिळतात, पण राहण्याची जागा फार आधी धरावी लागते. शेवटची बोट दुपारीच सुटते, नेमकी वेळ घाटावरच विचारून घ्या. रोख पैसे जवळ असू द्या. बेटावर फिरायला रिक्षा किंवा भाड्याची गाडी मिळते. आमच्यासारख्यांना सायकल झेपणार नाही, तरुणांनी जरूर घ्यावी, रस्ते सपाट आहेत. छोटा मुखवटा गामोशात, म्हणजे आसामी पंचात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला तर रेल्वेत नीट येतो, आमचा हनुमान तसाच आला. मोठा हवा असेल तर पोचल्या पोचल्या सत्रात सांगून ठेवा, कारण माती किती दिवसांत वाळेल ते तिथल्या उन्हावर आहे आणि ओला मुखवटा ते कुणालाच देत नाहीत.